उंदराला खाज सुटते का?

माझी पीएचडी नेमकी कशावर आहे हे मी घरी पाच वर्षं धड सांगितलंच नव्हतं. "फंगल इन्फेक्शनवर" एवढंच. मग समोरचा विचारणार, म्हणजे गजकर्ण, नायटा, तसलं का? मी म्हणायचे हो, तसलंच. एकदा तर बघायच्या कार्यक्रमात मुलाच्या काकांनी "पायाच्या बोटांच्या बेचक्यात होतं ते?" असं विचारलं आणि आईने माझ्याआधीच "हो हो तेच" म्हणून विषय चहाकडे नेला. आईला तरी कुठे माहीत होतं. खरं उत्तर असं होतं की मी मादी उंदरांच्या योनिमार्गात कॅन्डिडा नावाची बुरशी सोडते आणि मग ती तिथे किती वाढली ते मोजते. आता हे वाक्य कांदेपोह्यांच्या डिशशेजारी कसं ठेवणार, तुम्हीच सांगा.

पोह्यांचा आणि माझ्या कामाचा संबंध आहे पण. येते त्याकडे.

सुरुवात तिळाच्या तेलापासून होते. खरंच. लॅबच्या कपाटात एक तपकिरी बाटली असायची, लेबलवर सेसमी ऑइल, आणि पहिल्या दिवशी ती बघून मला वाटलं कुणाचं तरी डोक्याला लावायचं तेल राहिलंय इथे. वास मात्र नाही, शुद्ध करून करून त्यातला तीळ पार पळवून लावलेला. ह्या तेलात इस्ट्राडिऑल व्हॅलरेट, म्हणजे इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोनच, विरघळवायचं, कारण ते पाण्यात विरघळत नाही, आणि उंदराच्या पाठीच्या कातडीखाली टोचायचं. तेलातून ते हळूहळू सुटत राहतं, आठवड्यातून एकदा टोचलं की पुरतं. बुरशी सोडायच्या तीन दिवस आधी हे करायचं. हे नाही केलं तर प्रयोग बोंबलला म्हणून समजा, कारण उंदराला हा आजार मुळात होतच नाही. आपण बायकांच्या अंगात सुखाने नांदणारी कॅन्डिडा अल्बिकन्स उंदरांच्या अंगात सहसा नसतेच, बाहेरून सोडली तरी थोड्या दिवसांत निघून जाते. उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं. बुरशीला त्यातला एकच टप्पा मानवतो, माजाचा, आणि तिने पथारी पसरेपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून इस्ट्रोजेन देऊन तो टप्पा आठवडेच्या आठवडे थांबवून धरायचा.

आणि हे अगदीच बळजबरीचं नाहीये, त्यात बायकांच्या आजाराचं खरं मर्म आहे. पाळी सुरू होण्याआधी मुलींना हे इन्फेक्शन क्वचित होतं, पाळी गेल्यावर पण कमी होतं, गरोदरपणात वाढतं, जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर वाढतं. इस्ट्रोजेनने आतलं अस्तर जाड होतं, त्यात ग्लायकोजेन साठतं, म्हणजे बुरशीला राहायला घर पण आणि खायला शिधा पण. तेव्हा आम्ही ती तेलाची बाटली हातात घ्यायचो ते उगाच नाही.

तर पोहे. टप्पा खरंच धरला गेलाय का हे बघायला योनिमार्गातून थेंबभर पाणी फिरवून स्लाइडवर घ्यायचं. माजावरच्या उंदराच्या स्लाइडवर नुसत्या मोठ्या, चपट्या, कोपरे मुडपलेल्या पेशी दिसतात, आत केंद्रक नाही, वाळलेल्या, एकमेकींवर पडलेल्या. सुपात पातळ पोहे पसरावेत ना, अगदी तश्शा. आणि टप्पा हुकला असेल तर बारीक गोल गोल पांढऱ्या पेशी, मोहरीसारख्या. आम्ही दोघी मैत्रिणी मायक्रोस्कोपला डोळा लावून एकमेकींना सांगायचो, पोहे आले गं, किंवा छे, नुसती मोहरीच आहे. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं ह्या डबा खातायत.

(आणखी एक गंमत, जी मला कॉलेजात कुणीच सांगितली नव्हती. नुसत्या माद्या एका पिंजऱ्यात गर्दीने ठेवल्या की त्यांचं चक्र रेंगाळतं, कधी कधी बंदच पडतं, आणि नराच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा आत टाकला की परत सुरू होतं. हॉस्टेलमध्ये हे सांगितल्यावर तीन दिवस त्यावरच जोक चालले होते.)

आमच्या अॅनिमल हाऊसला एक मामा होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे, डीन पण. उंदीर धरायला त्यांनी शिकवलं. मी आधी घाबरून शेपटी धरून मागे ओढायचे आणि उंदीर उलटून चावायला बघायचा. मामा म्हणाले, "मॅडम, तुम्ही ओढू नका, तिला ओढू द्या." मग तिला पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचं, शेपटीच्या मुळाशी दोन बोटांत धरून मागचं अंग थोडं उचलायचं, ती पुढच्या पायांनी जाळी घट्ट पकडून पुढे निसटायला बघते आणि त्या तिच्याच ओढीने अंग ताणलं जातं, हलत नाही. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत पिपेटचं टोक आत. वीस मायक्रोलिटर. म्हणजे ड्रॉपरच्या एका थेंबाच्या निम्म्याहून कमी, आणि त्यात बुरशीच्या लाखभर पेशी. मग डोकं खाली करून जरा वेळ धरायचं, नाहीतर थेंब बाहेर.

त्यानंतर ठरलेल्या दिवशी शंभर मायक्रोलिटर सलाइन आतबाहेर फिरवून धुवण घ्यायचं, दहापट दहापट पातळ करत जायचं, सॅबुरो अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरायचं आणि दोन दिवस वाट बघायची. प्लेट उघडली की आंबवलेल्या पिठाचा नाहीतर ताज्या पावाचा वास येतो, कॉलन्या, म्हणजे बुरशीच्या वसाहती, साईच्या रंगाच्या, गुळगुळीत, फुगीर. प्लेट पालथी करून मार्करने एकेकीवर ठिपका देत मोजायचं. दीडशे, एकशे बावन्न, एकशे... फोन वाजला की पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षांत मी किती ठिपके दिले असतील देव जाणे.

आणि उंदीर? उंदीर मजेत. खातायत, पळतायत, भुसा उकरतायत, रात्री चाकावर फिरतायत. रोज एक तक्ता भरायला लागायचा, वजन, केस, बसण्याची ढब, हालचाल, शेवटच्या रकान्यात सर्वसाधारण स्थिती. मी पहिल्या दिवशी "नॉर्मल" लिहायचे आणि खाली एकवीस दिवस सेम टू सेमच्या खुणा. प्लेटवर बुरशीचा कहर आणि तक्त्यावर नॉर्मल. एथिक्स कमिटीच्या मीटिंगमध्ये एका व्हेटर्नरी सरांनी मला सरळच विचारलं होतं, की बाई, ज्या प्राण्याला हा आजार आपणहून होत नाही त्याच्यावर तुम्ही काय शिकणार? मी पाठ केलेलं उत्तर दिलं, जनुकं माहितीची आहेत, अँटिबॉडी विकत मिळतात, स्वस्त आहे, वगैरे. त्यांनी मान हलवली, मंजुरी पण दिली. पण प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर पोकळ होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

कारण फरक किती, बघा ना. बाईच्या योनिमार्गाचं पीएच ३.८ ते ४.५, आंबट, लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी राखलेलं. दह्याचं विरजण म्हणा हवं तर. उंदराच्यात ते आंबटपण नाही, जवळजवळ पाण्याइतकं सपाट, आणि लॅक्टोबॅसिलसचं राज्य पण नाही. रोममध्ये डी बर्नार्डिस आणि कॅसोने ह्या शास्त्रज्ञांनी आमच्या आधीच मोठे उंदीर, म्हणजे रॅट, घेऊन काम केलं होतं, त्यांची अंडाशयं काढून मग इस्ट्रोजेन द्यायचे. त्या रॅटमध्ये इन्फेक्शन काही आठवड्यांत आपोआप जातं, आणि दुसऱ्यांदा दिलं तर आणखी लवकर जातं, म्हणजे शरीर शिकतं. त्यावरून लशीची आशा सुरू झाली. आमच्या छोट्या उंदरात मात्र हे शिकणं धड दिसायचं नाही. आता ह्यातलं बाईसारखं कोण, रॅट की उंदीर? प्रत्येक लॅबला आपलाच प्राणी बाईसारखा वाटतो.

इथे आत्याबद्दल सांगायला हवं.

माझी आत्या सातारा जिल्ह्यात असते, आता सत्तरीला आली. मी शाळेत होते तेव्हापासून बघतेय, तिला मधूनमधून "उष्णता" व्हायची. उष्णता झाली की ती धण्याजिऱ्याचं पाणी प्यायची, सब्जा भिजवायची, तुरटीचं पाणी करून मोरीत जाऊन यायची, आणि आम्ही पोरींनी विचारलं की म्हणायची, "काय नाय गं, अंगात हीट." ह्या उष्णतेत काय काय मावतं हे मला माहीतच नव्हतं. लघवीला जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, रात्री झोप येऊ नये इतकी खाज, सगळं एका शब्दात बांधून फडताळात ठेवलेलं. गावातल्या डॉक्टरांकडे जायची ती पण "अशक्तपणा" सांगायला, ते सलाइन लावायचे, न तपासता गोळ्या द्यायचे. डॉक्टरांनी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. अशी बारा-तेरा वर्षं गेल्यावर पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं तेव्हा शुगर तीनशेच्या वर. आता विचार करते तेव्हा कपाळाला हात लावते, कारण परत परत होणारं यीस्ट इन्फेक्शन ही डायबेटिसची पहिली खूण असू शकते हे मी स्वतः थिसिसच्या पहिल्या चॅप्टरमध्ये लिहिलंय, संदर्भासकट.

आणि आत्या काही एकटी नाही. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये ते लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. मी हा पेपर पीएचडीच्या चौथ्या वर्षी वाचला, तो पण एका परीक्षकाने सुचवला म्हणून. त्याआधी उंदरांवरचे दोनेकशे तरी वाचून झाले होते.

बरं, मूळ मुद्द्यावर. इतकी वर्षं सगळ्यांना वाटायचं की हा आजार म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणं. साहजिक आहे. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, घटल्या की तोंडात कॅन्डिडा फोफावते, मग खाली पण तसंच असणार. पण खाली तसं होताना दिसेना. उंदरांत टी पेशी कमी करून बघितल्या तरी प्लेटवरचे आकडे ढिम्म. न्यू ऑर्लिन्सला लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत पॉल फिडेल यांचा गट ह्याच उंदरांवर वर्षानुवर्षं डोकं फोडत होता, आणि शेवटी त्यांनी केलं काय, तर निरोगी बायकांनाच विचारलं. बायका तयार झाल्या. त्यांच्या योनिमार्गात जिवंत कॅन्डिडा सोडली आणि लक्ष ठेवलं. २००४ ला ते छापून आलं. मला आजही त्या अनोळखी बायकांबद्दल फार वाटतं, स्वतःहून खाज ओढवून घ्यायला कोण तयार होतं हो?

त्यात दिसलं असं, की ज्यांना त्रास झाला त्यांच्या स्लाइडवर न्यूट्रोफिल, त्या मोहरीसारख्या पांढऱ्या पेशी, लोंढ्याने आलेल्या. ज्यांना त्रास झाला नाही त्यांच्या स्लाइड शांत. त्यांचं शरीर लढत होतं असंही नाही, दारात आलेल्या पाहुण्याकडे बघून घरातल्यांनी टीव्ही बघत राहावं तसं. म्हणजे जळजळ, सूज, खाज, ह्याला बुरशी तर लागतेच, पण खरा गोंधळ घालायला आपलीच फौज येते. शिपाई कमी पडले म्हणून आजार, हे गणित इथे उलटं बसलं.

मग ते परत उंदरांकडे गेले, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. एकाच जातीचे उंदीर, बुरशी सारखीच, प्लेटवरचे आकडे पण जवळपास सारखेच, पण काहींच्या स्लाइडवर न्यूट्रोफिल भरपूर आणि काहींच्या नगण्य. नीट पाहिल्यावर मॉडेलमध्ये दोन तऱ्हा निघाल्या, बायकांसारख्याच, त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या. इतके दिवस सगळ्यांची नजर मात्र प्लेटवरच्या आकड्यांवर होती. हे वाचलं त्या रात्री मी लॅबमध्ये जाऊन जुन्या स्लाइडचे डबे काढले, दीड वर्षाच्या स्लाइड, ज्या मी फक्त "पोहे आहेत, ओके" म्हणून ठेवून दिल्या होत्या. दोन वाजेपर्यंत बघत बसले. पिंजरा क्रमांक सात, चौथा दिवस, पोह्यांमध्ये मूठभर मोहरी सांडल्यासारखी. शेजारच्या आठ नंबरला एखादा दाणा. वहीत दोघींपुढे कॉलन्यांचा आकडा जवळजवळ एकच, आणि तक्त्यात दोघी नॉर्मल.

पुढचं जरा भराभर सांगते. २०१६ ला लंडन आणि जर्मनीतल्या येना इथल्या गटांनी कॅन्डिडाचं विष शोधलं, कॅन्डिडालायसिन, फक्त ३१ अमिनो आम्लांची साखळी. बुरशी गोल असते तोवर ठीक, तिने तंतू काढले की त्यातून हे विष पेशींना भोकं पाडतं, पेशी बोंब मारतात, बोंब ऐकून न्यूट्रोफिल धावत येतात. आणि येऊन मारत का नाहीत? तर फिडेल यांच्याच गटाने २०१७ ला दाखवलं की इस्ट्रोजेन दिलेल्या उंदराच्या स्रावात हेपरन सल्फेट नावाचं द्रव्य असतं, ते न्यूट्रोफिलचे हातच बांधून टाकतं, बुरशी धरताच येत नाही. फौज आली, धुडगूस घातला, चोर तसाच. ग्रामपंचायतीच्या राजकारणाची आठवण झाली मला.

उपयोग काय झाला म्हणाल तर झालाय, अगदीच नाही असं नाही. एनडीव्ही-३ए नावाची लस आधी उंदरांत चालली, मग बायकांत तपासली, २०१८ च्या निकालात चाळिशीच्या आतल्या बायकांना फायदा दिसला, सरसकट सगळ्यांना नाही. बरीच औषधं पण ह्याच उंदरांतून पार होऊन येतात. पण परत परत होणाऱ्यांचं दुखणं तसंच आहे. फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी आठवड्याला एक अशी सहा महिने दिली की बरं वाटतं, २००४ चीच ती मोठी ट्रायल, पण वर्ष संपेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना ते परत आलं होतं. जगात वर्षाला साधारण १३.८ कोटी बायकांना हे वारंवार होतं असा २०१८ चा अंदाज आहे. ह्या आजाराने मरत नाही कुणी. म्हणून ग्रँट मागताना प्रत्येक वेळी पहिलं पान हे महत्त्वाचं का आहे ते पटवण्यातच जातं.

शेवटच्या बॅचचे उंदीर संपवले त्या दिवसाबद्दल मला अजून लिहिता येत नाही, सोडून देते. पिंजऱ्यांची कार्डं मामांनी रबर लावून माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. ती अजून आहेत, पुस्तकात खुणेला वापरते.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेले होते. शुगरसाठी तिला नवीन गोळी सुरू केलेली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. चांगली गोळी आहे, हृदयाला किडनीला बरी, पण साखर जिथून जाते तिथे बुरशीला मेजवानी, जननेंद्रियाचं यीस्ट इन्फेक्शन हा तिचा नेहमीचा साइड इफेक्ट. आत्या शेंगा फोडत बसली होती आणि सारखी बूड सरकवत होती, मी बघितलं आणि ह्या वेळी विचारलंच. आणि तिला बोलतं करायला आधी मीच बोलले, पहिल्यांदा, की मी पाच वर्षं काय करत होते. सगळं सांगितलं, तिळाचं तेल, जाळी, पिपेट, प्लेट.

तिने शेंगा फोडायच्या थांबवल्या. "उंदराला?" मग जरा वेळाने, "त्येला खाज सुटती व्हय गं?"

मी म्हटलं माहीत नाही आत्या. बुरशी किती ते मोजता येतं, सूज मोजता येते, पांढऱ्या पेशी मोजता येतात. खाज नाही कळत. तक्त्यात नॉर्मल लिहायचो.

"आन् ते काय बोलणार," असं म्हणून ती पुन्हा शेंगांना लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने सांगायला सुरुवात केली. कधीपासून, किती, रात्री काय होतं. उष्णता हा शब्द एकदाही आला नाही त्यात. मी तिला म्हटलं हेच्या हे उद्या डॉक्टरांना सांग, गोळीचं नाव पण सांग, आणि मनाने बंद करू नको. ती म्हणाली बघू.

मी पुण्याला परत आले. चार दिवसांनी तिचा फोन, दुपारी, घरात कुणी नसताना.

"बोलले गं मी. आधी त्या कंपाउंडरला भायेर पाठवला, दार लावून घ्या म्हटलं, मग बोलले."

"मग? काय म्हणाले डॉक्टर?"

"काय म्हणत्यात. तपासलं नीट. गोळी बदलली."